सिंगापूर: प्राणिसंग्रहालय आणि नाइट सफारी एकाच दिवशी जमेल का?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सिंगापूरला जातोय. हाताशी पूर्ण दिवस तीनच. आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालतात, पण चढ आणि पायऱ्या नकोत. मुक्काम लिटल इंडियात, त्यामुळे शाकाहारी जेवणाची चिंता नाही. विमान, हॉटेल झालंय. अरायव्हल कार्ड (सिंगापूरमध्ये प्रवेशासाठीचा ऑनलाइन फॉर्म) निघायच्या आधीच्या तीन दिवसांत भरणार आहे.

एक दिवस गार्डन्स बाय द बे, संध्याकाळी पावणेआठचा तिथल्या सुपरट्रीचा (झाडासारख्या उंच मनोऱ्यांचा) लाइट शो. एक दिवस सेंटोसा. अडलंय ते मंडाईचं, म्हणजे प्राणिसंग्रहालय आणि नाइट सफारी आहेत त्या भागाचं. प्राणिसंग्रहालय सहाला बंद होतं, नाइट सफारी सव्वासातला उघडते. दोन्ही शेजारी-शेजारी, म्हणून एकाच दिवशी करावं असं वाटतं. दोन वेगळे दिवस देणं शक्य नाही. मुलीला दोन्ही बघायचंय आणि सासूबाईंना हॉटेलवर एकटं बसवायचं नाही, हे पक्कं.

संकेतस्थळावर वेळा आणि नकाशे पाहिले. ट्रॅम दोन्हीकडे आहे. इथल्या एका एजंटला विचारलं, तर तो पॅकेजच गळ्यात मारत होता.

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा: नाइट सफारीत नुसत्या ट्रॅममधून पुरेसं दिसतं, की पायवाटांवर उतरावंच लागतं? मधला सव्वा तास आजी-नातीने निवांत कुठे बसावं? जाताना खातिब स्टेशनवरून बसने जाऊ, पण रात्री पाऊस असेल तर परतीला टॅक्सी सहज मिळते का?