२२ फुटी केबिन बोटीच्या टपावर सामान ठेवायचंय (उजनी)

सोलापूर_भीमाकाठ:
उजनीत फिरण्यासाठी २२ फुटी फायबर बोट आहे. पुढे बंद केबिन, मागे उघडी जागा. चार माणसं मुक्कामाला निघाली की खाली पाय ठेवायला जागा उरत नाही. केबिनचा टप २ मीटर बाय १.५ मीटर, वरून-खालून फायबर आणि मधे प्लाय. त्यावर कॅरियर करून तंबू, अंथरुणं, लाइफ जॅकेट, २० लिटरचे दोन पाण्याचे जार, पेट्रोलचा कॅन आणि १०० वॉटचं सोलर पॅनेल ठेवायचा विचार आहे. जीपला करतात तसा लोखंडी कॅरियर वेल्डर करून द्यायला तयार आहे. किती वजन चालेल? बोल्ट कसे मारायचे?

वल्हं_आणि_वारा:
वेल्डरला थांबवा. लोखंडी कॅरियरच ३० किलोच्या घरात जाईल, सामान तर अजून चढलंच नाही.

हिशोब असा. माणसांसकट बोट १२०० किलो धरा. तळातलं ६० किलो सामान दीड मीटर वर नेलं की ६० गुणिले १.५ भागिले १२००, म्हणजे अख्ख्या बोटीचा गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटर वर सरकतो. आकडा किरकोळ वाटतो, पण दोन माणसं एकाच काठाला आली आणि त्याच बाजूला वाऱ्याचा झोत बसला की फरक लगेच कळतो. म्हणून पाण्याचे जार वर नकोत. ४० किलो पाणी तळात, मधोमध बांधा, ते उलट बोटीला स्थिर करतं.

टपासाठी कॅरियर आणि पॅनेल धरून ३५ किलोच्या आत राहा, आणि चाचणी घ्या. आडोशाच्या पाण्यात बोट बाजूने दाबून सोडा, ४ हेलकाव्यांना लागणारे सेकंद मोजा, तीनदा करून सरासरी काढा. मग टपावर सामान बांधून पुन्हा मोजा. माणसं दोन्ही वेळी त्याच जागी बसलेली हवीत. वेळ १० टक्के वाढली तर स्थिरता ढोबळमानाने १७ टक्के घटली. बोट सावकाश, आळसावल्यासारखी डोलते तेव्हा ती आरामदायक वाटते. खरं तर ती धोक्याची खूण आहे.

फायबर_रेझिन:
बोल्टचं सांगतो, टप तिथूनच खराब होतात. मधला प्लाय उघडा पडला की भोकातून पाणी मुरतं, एका पावसाळ्यात तो कुजायला लागतो आणि टप पायाखाली मऊ लागतो.

एम८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट असेल तर वरून १६ मिमीचं भोक घ्या, पण वरचं फायबर आणि प्लाय एवढंच कापा, खालचा थर शाबूत ठेवा. वाकवलेल्या खिळ्याने कडेचा प्लाय आणखी ३-४ मिमी कोरून काढा. आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) ब्रशने लावा, मग पावडर मिसळून दाट केलेलं इपॉक्सी भरा. साधं पॉलिस्टर रेझिन नको, ते वाळताना आकसतं आणि कडेला फट राहते. आपल्याकडच्या उन्हात हे काम सकाळी लवकर करा, थोडंथोडं कालवा. दुपारी डबा हातातच तापून घट्ट होतो. २४ तासांनी मधोमध ८.५ मिमीचं आरपार भोक पाडा आणि वरचं तोंड किंचित उतरतं करा, म्हणजे सीलंटला बसायला खाच मिळते.

खालून ७५ बाय ७५ मिमीची, ६ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी द्या. नुसत्या वॉशरवर धक्का बसला तर बोल्ट फायबर फाडून वर येतो. वर ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) किंवा पॉलियुरेथेन सीलंट लावा. एकाच दिवसात पूर्ण आवळू नका, टेप सगळी बाहेर येते. तीन दिवस रोज थोडं थोडं आवळा. दोन्ही बाजूंना २५ मिमी स्टेनलेस पाइप, प्रत्येकी ४ पाय. गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरतं.

सोलापूर_भीमाकाठ:
मनापासून आभार. मग जार खाली. पेट्रोल आणि लाइफ जॅकेट तरी वर चालतील ना? खालची जागा तीच खातात.

कुगाव_धक्का:
दोन्ही नकोत. जॅकेट अंगात हवं. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जणांचा जीव गेला. वळवाचा वारा टपावरची पेटी उघडायला वेळ देत नाही.

पेट्रोल बंद पेटीत कधीच नाही. २५ अंशांवरून ४५ वर गेलं की २० लिटरमागे सुमारे ४०० मिली फुगतं, म्हणून कॅन काठोकाठ भरू नका. मागच्या उघड्या भागात, सावलीत, हवा खेळेल असं बांधा. गॅसचा छोटा सिलिंडरही केबिनमध्ये नको. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तळात साठतो.

टपावर फुगीर पण हलकं सामान न्या: तंबू, अंथरुणं, रिकामे डबे. ढिगाची उंची २५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. वारा कमी धरतो, आणि सुकाणूवरून समोरच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसतात. पट्टे पॉलिस्टरचे घ्या, नायलॉन भिजलं की ताणतं. निळी ताडपत्री झेंड्यासारखी फडफडू देऊ नका, कडा पाइपखाली दाबून बांधा. पॅनेलखाली ५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, तापलं की वीज कमी मिळते.

आणि पेटीचं झाकण मागच्या बाजूने उघडणारं करा. खाली उभं राहूनच हात पोचला पाहिजे. चटणीच्या डब्यासाठी ७० किलोचा माणूस टपावर चढला, तर वरचा सगळा हिशोब बुडाला.