पिठ्या ढेकूण: आधी पंप की आधी मुंग्या?

सालपट:
फळझाडावर पिठ्या ढेकूण, मावा किंवा मऊ खवले कीड दिसली की सगळे पंप शोधतात. माझं म्हणणं, आधी खोड बघा. मुंग्यांची रांग चढत असेल तर फवारा निम्मा वाया गेला समजा. किडीने सोडलेल्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिची राखण करतात, तिला मारणारे ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या या मित्रकीटकांना हुसकून लावतात. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर 25-30 सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, दोन्ही कडा सुतळीने आवळा, सालीच्या खाचा चिखलाने लिंपा. ग्रीस पट्टीवरच लावा, सालीवर नको, कोवळी साल खराब होते. जमिनीला टेकलेली किंवा शेजारच्या झाडाला भिडलेली एक फांदी राहिली तरी मुंग्यांना पूल तयार.

बोंगा:
साफ असहमत. पट्टी बांधल्याने वर बसलेली वसाहत खाली पडते का? एकेक मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. मित्रकीटक येईपर्यंत चिकट्यावर काळी बुरशी चढून फळं माखतात. आणि आंब्यावरचे तुडतुडे तर उडतात, त्यांना तुमच्या पट्टीचं काय? बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना फवारणी हुकली की मोहोर हातचा गेलाच. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 10 लिटर पाण्यात 3 मिली. विषय संपला.

सालपट:
तुडतुड्यांपुरतं मान्य, तिथे पट्टी निरुपयोगी. पण मोहोर उमलल्यावर हेच औषध मधमाश्यांवर जातं, म्हणून 'विषय संपला' नाही.
पिठ्या ढेकणाचं गणित वेगळं. मोठ्या किडीवर मेणाचं आवरण असतं, थेंब वरून घरंगळतो. मरतात ती नुकती बाहेर पडलेली, मेण न चढलेली पिल्लं. खवले किडीसाठी फांदीला दुतर्फा चिकटपट्टी गुंडाळा. पिवळसर, कणाएवढी पिल्लं चिकटलेली भिंगातून दिसली तो फवारणीचा दिवस. 10-14 दिवसांनी पुन्हा, कारण अंडी एकदम फुटत नाहीत.

थेंबेथेंब:
दोघांनीही तेलाचा विषय काढला नाही. बागायती खनिज तेल, लिटरला 10 मिली. ते कीड गुदमरवून मारतं, म्हणून पानाची खालची बाजू आणि फांद्यांचे बेचके भिजलेच पाहिजेत. द्रावण ढवळत राहा, नाहीतर तेल वर येतं आणि शेवटच्या झाडांची पानं करपतात. पारा 32 अंशांच्या वर असेल, झाड पाण्याला आसुसलेलं असेल किंवा तीन-चार आठवड्यांत गंधक मारलं असेल तर थांबा.

बोंगा:
तेल चालेल. पण मित्रकीटकांच्या भरवशावर बाग सोडायची म्हणजे हौसेपुरतं ठीक.

सालपट:
हौस नाही हो. कॅलिफोर्नियातल्या संत्री-लिंबाच्या बागा 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने कापशी खवले किडीपासून वाचवल्या. पुढे 1940 च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं, ढालकिडे मेले आणि तीच कीड उसळली. आजही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक वारंवार मारलं की खवले आणि कोळी (रस शोषणारी बारीक कीड) वाढतात.

थेंबेथेंब:
आणि मारण्याआधी नीट बघा तरी! क्रिप्टोलिमस ढालकिड्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांत असते, अगदी पिठ्या ढेकणासारखी. काडीने डिवचा: ढेकूण जेमतेम सरकतो, अळी दुप्पट-तिप्पट मोठी असते आणि तुरुतुरु पळते. कित्येक बागांत तिलाच कीड समजून फवारतात.

बोंगा:
ही काडीची परीक्षा पटली. पट्टीचं अजून नाही.