“जरा सगळे इकडे बघा!” : छायाचित्रकारांचे अनुभव

मंदप्रकाश

जुन्या हार्ड डिस्कची आवरासावर करताना काल एका कौटुंबिक समारंभाचा फोल्डर उघडला आणि त्यातली पाठोपाठ काढलेली समूह छायाचित्रे पाहून हसू आवरेना. मागच्या रांगेतील एका सद्गृहस्थांचे डोळे प्रत्येक चित्रात मिटलेले होते. शेवटच्या चित्रात ते एकदाचे उघडले, तर नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या बाई मान वळवून त्यांना डोळे उघडे ठेवण्याची ताकीद देत होत्या.

माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, त्यामुळे गट जितका मोठा तितकी सर्वांचे डोळे एकाच वेळी उघडे सापडण्याची शक्यता कमी. ऑस्ट्रेलियातील पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचे रीतसर गणित मांडले आणि त्याबद्दल त्यांना २००६ साली गणिताचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे गमतीदार पारितोषिक मिळाले. त्यांचा ढोबळ नियम असा की, माणसे वीसपेक्षा कमी असतील तर त्यांच्या संख्येला चांगल्या प्रकाशात तीनने आणि अपुऱ्या प्रकाशात दोनने भागावे, आणि उत्तर येईल तितकी चित्रे काढावीत. ‘एक, दोन, तीन’ यातील ‘तीन’ ऐकताच इमानेइतबारे डोळे मिटणाऱ्या गृहस्थांचा विचार मात्र या गणितात केलेला नाही. मी आता सर्वांना आधी डोळे मिटायला सांगतो आणि खूण करताच उघडायला लावतो.

आपापले अनुभव जरूर लिहावेत. ‘तुमचा कॅमेरा भारी आहे, म्हणून फोटो छान येतात’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असणार, त्यामुळे ते गृहीत धरले आहे.

तिसरी रांग

डोळ्यांचे एक वेळ जमते, पण “झाला का काढून?” असे विचारण्यासाठी नेमके शटर पडतानाच तोंड उघडणाऱ्यांवर कोणते गणित आहे?

उलटे प्रतिबिंब

मी वस्तूंची छायाचित्रे काढते, त्यामुळे पापण्यांचा त्रास नाही, पण माझ्या प्रत्येक चित्रात मी स्वतःच असते. चकचकीत स्टीलच्या वस्तूसमोर उभे राहिले की तिच्या पोटात मी, माझा ट्रायपॉड, खिडकी आणि मागे फोनवर बोलणारा ग्राहकाचा प्रतिनिधी असे सगळे जण वाकडेतिकडे होऊन हजर होतात. “पोलरायझर लावा की, प्रतिबिंब जाईल,” असा सल्ला प्रत्येक वेळी कोणीतरी देतेच. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक लेन्सवर लावायच्या या फिल्टरने योग्य कोनातून बरीच कमी होते, पण उघड्या धातूवरून थेट परतणाऱ्या प्रकाशावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे पटवून देण्यात अर्धा तास जातो. शेवटी वस्तूभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारावा लागतो आणि मग तोच प्रतिनिधी आत डोकावून म्हणतो, “एवढ्याशा डब्याला एवढा मांडव कशाला?”

रॉ की शिजवलेले

“सगळेच फोटो द्या, आम्ही निवडतो,” या मागणीविषयी कोणी लिहिले कसे नाही, याचे आश्चर्य वाटते. दिवसभराच्या समारंभात शटर हजारो वेळा पडते आणि त्यातून शे-पाचशे चित्रे वेचून काढणे, म्हणजे अर्धवट वळलेल्या माना, घासासाठी उघडलेली तोंडे आणि मधूनच गेलेला कोणाचा तरी खांदा बाजूला सारणे, हे काम समारंभापेक्षा अधिक वेळ खाते. एका ग्राहकाने तर सर्व रॉ फाइल्स मिळाव्यात असा लेखी आग्रह धरला. रॉ फाइल ही सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद असते, ती उघडण्यासाठी योग्य सॉफ्टवेअर लागते आणि उघडल्यावरही चित्र बरेचदा फिके दिसते, हे सर्व मी समजावून सांगितले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला की निम्मे फोटो उघडत नाहीत, उरलेल्यांचे रंग उडालेले आहेत, तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याची एकदा तपासणी करून घ्या. पुढे त्यांनी त्याच चित्रांवर फोनमधला एक भडक फिल्टर चढवला आणि सर्वांचे चेहरे नारिंगी करून खाली छायाचित्रकार म्हणून माझे नाव आवर्जून घातले.

याच्या जोडीची दुसरी तक्रार ‘फोटो फाटले’ ही आहे. मूळ फाइल्स पेनड्राइव्हमध्ये तशाच पडून असतात आणि मेसेजमधून फिरत फिरत आकसलेली प्रत भिंतीएवढ्या आकारात छापायला दिली जाते. आकारमान हरवले की ते छपाईच्या दुकानात परत मिळत नाही, हे सांगणारा माणूस उगाच अडवणूक करतो, असाच समज होतो.

तिसरी रांग

नारिंगी चेहऱ्यांबद्दल मनःपूर्वक सहानुभूती. माझ्या वाट्याला जांभळे आले होते.

पांढरी पार्श्वभूमी

गिऱ्हाईक बसवून ठेवले आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. माझा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. जगात बाकी सर्व छायाचित्रकार “हसा” म्हणतात आणि मी दिवसभर “हसू नका” म्हणतो. प्रवासी कागदपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेहरा निर्विकार आणि तोंड मिटलेले हवे, पण हसू नका म्हटले की गंभीरातल्या गंभीर माणसालाही हसू फुटते. फोटो हातात पडताच “हा मी नाहीच” असे म्हणणारेही रोज भेटतात. याचे एक कारण असे की, आपण स्वतःचा चेहरा आरशात, म्हणजे उलटा, पाहत आलेलो असतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचे आरशातल्यासारखे चित्र अधिक आवडले, तर त्यांच्या मित्रांना सरळ चित्र आवडले, असे आढळले होते. मी हे एका काकांना सविस्तर सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “मग उलटा छापून द्या.”

पुसून टाका

“फोटोशॉपमध्ये करून टाका” या वाक्यावर बंदी आणावी, अशी माझी नम्र सूचना आहे. ते सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले आणि तेव्हापासून पाठमोऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या मागून बाहेर काढता येतो, अशी लोकांची ठाम समजूत झालेली आहे. एका कुटुंबाने अल्बममधील सर्व चित्रांतून एका नातेवाइकाला पुसून टाकायला सांगितले. मी रात्र रात्र बसून त्यांच्या जागी पडदे, फुले आणि एका ठिकाणी अर्धी खुर्ची भरली. अल्बम छपाईला जाणार तोच त्यांचा समेट झाला आणि नातेवाइकांना परत आणण्याचा निरोप आला. सुदैवाने मूळ फाइल्स तीन ठिकाणी जपलेल्या होत्या. परत आलेले गृहस्थ स्वतः अल्बम पाहून म्हणाले, “माझेच फोटो इतके कमी का?”

खिडकीकडे तोंड

मी छायाचित्रकार नाही, एका छायाचित्रकाराची पत्नी आहे, तरी लिहायचा हक्क आहे असे समजते. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना बसायला सांगण्याआधी खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितले जाते. एकदा मला ताप होता आणि मी पडून होते, तेव्हा हे जवळ आले, माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, “काय सुंदर बाजूचा प्रकाश पडला आहे!” पाणी त्यानंतर मिळाले.

मंदप्रकाश

वहिनी, फोटो कसा आला ते लिहायचे राहिले.

खिडकीकडे तोंड

सुरेख आला, आणि हेच जास्त संतापजनक आहे.

नवशिका

मी नुकतीच सुरुवात केली आहे. समारंभात नेमक्या क्षणी समोर उंचावलेल्या फोनांच्या रांगेने मी हैराण होतो, पण त्याहून अधिक त्रास दोन कॅमेऱ्यांचा होतो. माझी आणि सहकाऱ्याची चित्रे एकत्र करून वेळेनुसार लावली की पाहुणे आधी निरोप घेतात आणि मग प्रवेश करतात. यावर उपाय काय?

रॉ की शिजवलेले

दोन्ही कॅमेऱ्यांच्या घड्याळांत फरक असतो, दुसरे काही नाही. सुरुवातीलाच दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच फोनवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा फोटो काढून ठेवावा. प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेली वेळ त्या फोटोशी ताडून पाहिली की फरक कळतो आणि मग एका कॅमेऱ्याच्या सर्व चित्रांची वेळ सॉफ्टवेअरमध्ये एकदम तेवढी पुढे-मागे करता येते. फक्त तो घड्याळाचा फोटो ग्राहकाला द्यायच्या फोल्डरमधून काढायला विसरू नका, नाहीतर “हा कोणाचा फोन?” असे विचारणारा फोन येतो.

तिसरी रांग

आणि त्यांनी “सगळेच फोटो द्या” म्हटले असेल, तर तोही द्यावा लागेल.