लेझरने नंबर काढायचा आहे: चालू गोळ्यांपैकी काय थांबवायचं?

चष्मिष:
दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार नंबर. डिसेंबरात लेझर करायचा विचार आहे, लॅसिक (बुबुळाची पातळ चकती उचलून तिच्याखाली लेझर) की पीआरके (बुबुळाची वरची त्वचा काढून लेझर) ते बुबुळाची, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजून ठरेल. सध्या चालू आहे ते असं: मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन २० मिग्रॅ रोज (चौथा महिना), शिंकांसाठी लिव्होसेट्रिझिन ५ मिग्रॅ रात्री, अर्धशिशी उठली तर सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ, महिन्यातून दोनेकदा. आठवडाभर आधी सगळं सोडलं तर पुरेल का?

पारपटल:
आयसोट्रेटिनॉइनला आठवडा पुरत नाही. डिसेंबर विसरा. औषध रक्तातून निघून जायला फार दिवस लागत नाहीत, पण पापण्यांच्या कडेला ज्या तेलाच्या ग्रंथी असतात त्या या गोळीने आकसतात आणि सावरायला महिने घेतात. अश्रूंवरचा तेलाचा थर पातळ झाला की पाणी भराभर उडून जातं. म्हणून बहुतेक सर्जन शेवटच्या गोळीनंतर सहा महिने थांबवतात. मुरमांचा कोर्स अर्ध्यात तोडू नका. त्वचेच्या डॉक्टरांना 'अजून किती महिने' ते विचारा आणि तिथून पुढे सहा मोजा.

लॅसिकमध्ये फ्लॅप, म्हणजे ती पातळ चकती, कापताना बुबुळाचे चेतातंतू तुटतात. डोळा कोरडा पडलाय हे नीट जाणवत नाही, पापण्या कमी लवतात, कोरडेपणा वाढतो. पहिले काही महिने बऱ्याच जणांना थोडाफार त्रास असतो. आधीच कोरडा असलेला डोळा त्यात जास्त भरडला जातो. दुसरं, जे कुणी सांगत नाही: कोरड्या डोळ्यावर काढलेला बुबुळाचा नकाशाच चुकीचा येतो. मग लेझर कितीही अचूक असो, आकडा मुळातच चुकलेला. शर्मर चाचणीत (अश्रू किती येतात ते मोजायला पापणीत अडकवलेली) कागदाची पट्टी ५ मिनिटांत ५ मिमीपेक्षा कमी भिजली, किंवा अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फुटला, तर आधी कोरडेपणाचा उपचार करा आणि मोजमाप पुन्हा घ्या.

निमिष:
वरच्याशी सहमत, पण लिव्होसेट्रिझिन सरसकट बंद करा असं कुणी सांगू नये. ती गोळी अश्रू कमी करते हे खरं. पण ॲलर्जी उघडी ठेवली तर माणूस डोळे चोळतो, आणि नव्या फ्लॅपला चोळण्याइतका मोठा शत्रू नाही. तो सरकतो, सुरकुतीही पडते. नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे किंवा ओलोपाटाडिनचे ॲलर्जीचे थेंब यावर भागतं का, ते ऑपरेशनच्या महिनाभर आधीच बघून घ्या.

सुमाट्रिप्टानचं नाव काही लेझर यंत्रांच्या माहितीपत्रकांत सावधगिरीच्या यादीत येतं. पीआरकेनंतर वरची त्वचा भरायला उशीर होऊ शकतो असं कारण देतात. महिन्यातून दोन गोळ्या म्हणजे अडसर नव्हे, पण सर्जनला लिहून द्या. पीआरकेमध्ये वरचा थर ३ ते ५ दिवसांत भरतो. त्या दिवसांत डोकं दुखलं तर काय घ्यायचं हे आधीच विचारून ठेवा.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: अमिओडॅरोनसारखी हृदयाची गोळी, रक्तदाबाची, नैराश्याची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डोळा सहा महिने थांबू शकतो. प्रेडनिसोलोनच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या किंवा संधिवातासारख्या आजारांत देतात ते मेथोट्रेक्सेट चालू असेल तर प्रश्न गोळीइतकाच मूळ आजाराचा असतो. संधिवाताचा आजार शांत नसेल तर शहाणा सर्जन लेझरला नाहीच म्हणतो.

थेंबेथेंबे:
सगळे गोळ्यांवर अडकलेत. घोळ जास्त होतो तो नंतरच्या बाटल्यांनी.

स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीवर लिहिलेत तितकेच दिवस. लॅसिकला साधारण आठवडाभर, पीआरकेला फ्लोरोमेथोलोन (सौम्य स्टिरॉइड) काही महिने, हळूहळू कमी करत. संपले म्हणून दुकानातून मॉक्सिफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोनची (प्रतिजैविक आणि जोरदार स्टिरॉइड) जोडबाटली आणून तीच पुढे रेटणं हा ठरलेला घात. काहींचा डोळ्याचा दाब स्टिरॉइडने चढतो. दाब चढला की फ्लॅपखाली पाणी साचतं, दिसणं धूसर होतं, आणि ते सूज समजून स्टिरॉइड वाढवलं की दाब आणखी चढतो. बुबुळाच्या मध्यावर मोजलं तर दाब खोटा कमी येतो, तेव्हा कडेलाही मोजायला सांगा. पहिल्या आठवड्यातली सूज स्टिरॉइडने उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, थेंब चालू असूनही दिसणं बिघडत असेल तर आधी दाब तपासा.

दुखण्यासाठी केटोरोलॅक किंवा नेपाफेनॅकचे थेंब पीआरकेनंतर दोन-तीन दिवसच. लांबवलं तर जखम भरत नाही, क्वचित बुबुळ विरघळायलाही लागतं. आणि बधिर करणारे प्रोपॅराकेनचे थेंब घरी नकोतच, कुणी प्रेमाने दिले तरी. दुखणं लगेच थांबतं, म्हणून माणूस टाकत राहतो आणि जखम खोल जाते.

कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह नव्या त्वचेला सोसत नाही. दोन औषधांत पाच मिनिटं ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. प्रेडनिसोलोनची बाटली हलवून वापरा, औषध तळाशी बसतं.

चष्मिष:
मुरमांचे डॉक्टर म्हणतात अजून तीन महिने गोळी चालू राहील, म्हणजे लेझर पुढच्या वर्षीच. पीआरके ठरलं तर व्हिटॅमिन सी घेतात म्हणे? आणि आई म्हणते गुलाबजल टाक, थंड वाटतं.

पारपटल:
व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, काही सर्जन पीआरकेला देतात, बुबुळावर धूसर डाग पडू नये म्हणून. त्याचा मुख्य बंदोबस्त मात्र ऑपरेशनच्या वेळी लावलेलं ०.०२ टक्के मायटोमायसिन (पेशींची वाढ रोखणारं औषध) आणि नंतर उन्हात घालायचा यूव्ही गॉगल. मुतखड्याचा इतिहास असेल तर व्हिटॅमिन सी विचारूनच घ्या.

गुलाबजल नको. ते निर्जंतुक नसतं, आणि उघड्या बुबुळात जंतू शिरले तर नंबर राहिला बाजूला, डोळा वाचवायची वेळ येते. आईंना सांगा, कृत्रिम अश्रूंची बाटली फ्रिजच्या दारात ठेवली की तेवढंच थंड वाटतं.