साधं गॅलरी ॲप विकलं गेलं, तरी मुक्त स्रोतच घ्यायचं?

खटपट्या:
फोटो बघायच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट कशाला लागतात? म्हणून गॅलरी, कॅलेंडर, नोट्स असली रोजची ॲप साधी आणि मुक्त स्रोतवालीच (म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही बघता, बदलता येतो) घ्यावीत, असं माझं मत.

'सिंपल मोबाइल टूल्स' ही अशीच ॲपमालिका. जाहिराती नाहीत, नको त्या परवानग्या नाहीत. २०२३ च्या अखेरीस ती झिपोॲप्स या कंपनीला विकली गेली. पण कोड जीपीएल परवान्याखाली होता, म्हणजे तो कोणीही घेऊन, बदलून त्याच परवान्याखाली वाटू शकत होता, त्यामुळे प्रकल्पात आधीपासून काम करणाऱ्यांनी तो उचलला आणि 'फॉसिफाय' नावाने पुढे चालू ठेवला. तीच गॅलरी आज एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या भांडारात मिळते. कोड बंद असता तर विषय तिथेच संपला असता.

शंकासुर:
तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. ज्यांनी ते ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं होतं, त्यांच्या फोनवर ते तसंच राहिलं आणि मालक तेवढा बदलला. फोर्क (त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) निघालाय हे त्यांना सांगणार कोण? हा हक्क ज्याला कोड कळतो त्याच्या कामाचा. बाकीच्यांना विक्रीचा पत्ताही लागत नाही.

आणि 'कोड उघडा आहे, कोणीतरी बघतंच' यावर फार विसंबू नका. २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा. फाइल दाबून लहान करणारी ती लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) असंख्य लिनक्स यंत्रणांत असते, आणि सांभाळणारा मुळात एकच माणूस, तोही थकलेला. एकाने दोनेक वर्षं निमूटपणे मदत केली, विश्वास कमावला आणि मग आत चोरदरवाजा बसवला.

खटपट्या:
पण तो सापडला कसा, तेही सांगा की! एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे एका अभियंत्याला खटकलं (गंमत म्हणजे तो मायक्रोसॉफ्टमधला). त्याने खोदत खोदत मूळ गाठलं. बंद कोडमध्ये त्याला एवढं खोदता आलं असतं का?

शंकासुर:
सापडला हे नशीब. शिवाय चोरदरवाजा चालू करणारी ओळ सार्वजनिक रेपोमध्ये (कोड जिथे सगळ्यांना दिसतो ते कोठार) नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (आवृत्तीसोबत देतात ते कोडचं गाठोडं) होती. म्हणजे रेपो डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती.

निवांत:
दोघंही कोडवरून भांडताय. मी आधी बघतो ते माझी माहिती कुठल्या फाइलमध्ये पडते आणि ती बाहेर काढता येते का. वेगवेगळ्या साइटांवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, तेव्हा ज्यांनी आपली साइटांची यादी ओपीएमएल या फाइलप्रकारात उतरवून घेतली त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन चालू ठेवलं. पासवर्डचंही तसंच. पासवर्ड साठवणारी केडीबीएक्स फाइल संगणकावर कीपासएक्ससीमध्ये उघडते, फोनवर कीपासडीएक्समध्ये. उद्या यातलं एक ॲप बंद पडलं तरी माझं काही अडत नाही.

शंकासुर:
हे पटण्यासारखं आहे. पण मग मुक्त स्रोताचा हट्ट कशाला? निर्यात नीट देणारं बंद ॲपही चालेल.

खटपट्या:
आज देतंय. पुढच्या अपडेटमध्ये ते बटण पैसे भरणाऱ्यांपुरतं केलं तर काय करणार? फोर्क असल्या वेळी कामाला येतो. मात्र एक मान्य, सांभाळणारा एकटाच असेल तर मीही आता बिचकतो. ॲप टाकण्याआधी शेवटची आवृत्ती कधी आली आणि किती जण कोड लिहितात, एवढं बघतोच.