कोलेस्टेरॉल आपोआप कमी झालं असेल तर
वडिलांचं एकूण कोलेस्टेरॉल गोळी न घेता ११२ आलं म्हणून घरी सगळे खूश आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्यांचे जुने रिपोर्ट काढून बघा. पहिल्यापासून एवढंच असेल तर बहुधा घराण्यातच असेल. पण दोन वर्षांपूर्वी १९० होतं आणि खाणंपिणं तेच असताना घसरलं असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

माझ्या आत्याचं असंच झालं. आम्ही कौतुक करत राहिलो. तिच्या पाटल्या पार कोपरापर्यंत सरकायच्या, हातातली कपबशी किणकिण वाजायची, ते सगळं आम्ही वयावर ढकललं. निघालं काय, तर थायरॉइड जास्त काम करत होतं! उपचारांनी वजन भरलं, कोलेस्टेरॉलही वर आलं. यकृताचे आजार, आतड्यात अन्न नीट न शोषलं जाणं, काही कॅन्सर यांतही आकडा असाच उतरतो. म्हणजे बऱ्याचदा तो आजाराचं कारण नसून खूण असतो.

कोलेस्टेरॉल फार उतरलं तर मेंदूत रक्तस्राव होईल, ही भीतीही अगदीच निराधार नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली असणाऱ्यांत तो दुपटीहून जास्त दिसला. पण मुळात प्रमाणच फार थोडं. उलट २०१७ च्या फूरिए नावाच्या औषध-चाचणीत औषधाने एलडीएल ३० पर्यंत उतरवूनही तो वाढला नाही. तेव्हा कृपा करून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) परस्पर बंद करू नका, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तर मुळीच नाही.