फ्रेंचमधी 'कुठं आहे' सांगताना गडबड होतीय, कुणीतरी सांगा की

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, सध्या गोव्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. सीझनला फ्रेंच लोक येतात म्हणून मोबाईलवर बघून बघून शिकूलालोय. बोंझूर, मेर्सी जमतंय, पण कुणी 'ऊ ए' म्हणजे अमुक कुठं आहे विचारलं की नुसते हातवारे. काल एका आजी-आजोबांनी मेडिकल विचारलं, मी ऐटीत 'तू द्र्वात' म्हटलं, मला म्हणायचं होतं सरळ जावा, ते गेटातनं बाहेर पडले आणि उजवीकडं वळले, तिकडं नुसती शेतं. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आले, वर मेर्सी म्हणाले, मलाच लाज वाटली. नेमकं चुकलं कुठं?

टिळकवाडीची_ताई:
अरे ह्या 'त'नं सगळ्यांनाच फिरवलंय. सरळ म्हणजे 'तू द्र्वा', शेवटचा त लिहितात पण बोलत नाहीत. उजवीकडं म्हणजे 'आ द्र्वात', तिथं त ऐकू येतो. सुटा द्र्वा पाठ करूच नकोस, 'तू द्र्वा' आणि 'आ द्र्वात' अशा जोड्याच तोंडात बसव. डावीकडं 'आ गोश', त्यात भानगड नाही.

दुसरं म्हणजे आपण घराच्या मागं म्हणतो, ते लोक आधी मागं म्हणतात मग घर. कन्नड आपल्याला जड गेलं नाही ते ह्यामुळंच, 'मनी मुंद' म्हणजे घरापुढं, क्रम तोच. फ्रेंचमधी उलटं. आणि आपण सगळीकडं 'च्या' लावतो म्हणून तिथंबी सगळीकडं 'द' लावायचा मोह होतो, तो आवर. आपला बेळगावचा किल्लाच घे. कमल बस्ती, ते जैन मंदिर, किल्ल्यात आहे, 'दाँ ल फोर'. किल्ल्याच्या मागं 'देर्येर ल फोर'. दोन्हीत द नाही. पण शेजारी, जवळ, समोर ह्यांना द लागतो, आणि द पुढं ल (पुल्लिंगी नामाआधी ल लागतो, स्त्रीलिंगी नामाआधी ला) आला की दोन्ही मिळून 'द्यू' होतं: 'आ कोते द्यू फोर', 'प्रे द्यू फोर'. आपण देऊळचं देवळाच्या करतो तसलंच समज. ला असेल तर काही बदलत नाही, स्टेशनसमोर म्हणजे 'आँ फास द ला गार'.

बोगारवेस_कट्टा:
ताई ते ल कुठं आणि ला कुठं हेच तर कळत नाही ओ. आमच्याकडं पोरीबी 'मी आलो' म्हणतात, आम्हाला कुठलं लिंग जमणार 😂
मला आवडलेला शब्द 'शे', एकदम आपला 'कडे'. डॉक्टरकडं 'शे ल मेद्सँ', माझ्याकडं म्हणजे माझ्या घरी 'शे म्वा'. मेडिकल दुकान म्हणायचं असलं तर मात्र 'आ ला फार्मासी', शे माणसाला, आ जागेला.

टिळकवाडीची_ताई:
@बोगारवेस_कट्टा बरोबर, पण माझ्याकडं पैसे आहेत ह्याला शे चालत नाही हं, तिथं 'झे', म्हणजे मला आहे असं. आमच्या क्लासात निम्मी पोरं इथंच आपटतात.

निपाणी_पार्सल:
हॉटेलात आहेस तर मजल्याचं सांगतो. 'प्रम्ये एताज' म्हणजे आपला पहिला मजला, तळमजला वेगळा, त्याला 'रे द शोसे'. अमेरिकन लोक तळमजल्यालाच पहिला म्हणतात तसं ह्यांचं नाही, त्यामुळं आपला हिशोब सरळ बसतो. जपायचं ते 'स्यूर' आणि 'सू'. स्यूर म्हणजे वर, सू म्हणजे खाली, स्यूला ओठ शिट्टी मारल्यासारखे करायचे आणि जीभ 'ई' म्हणताना असते तशी पुढंच ठेवायची. मी किल्ली टेबलावर आहे सांगायला गेलो, बाई वाकून टेबलाखाली बघायला लागली.

खानापूरचा_पोरगा:
भारी ओ सगळे 🙏 बघा जमलं काय: 'ला फार्मासी ए तू द्र्वा, आ कोते द ला बाँक'.

टिळकवाडीची_ताई:
एकदम बरोबर. बँकेच्या जागी रेस्टॉरंट आलं तर 'द्यू रेस्तोराँ', तेवढं ध्यानात ठेव. आणि सांगताना हात सरळ पुढं कर, बाजूला नको.

खानापूरचा_पोरगा:
होय की. आजी-आजोबा उद्या चेकआऊट करणार आहेत, सकाळी माझीच ड्युटी आहे, मेडिकल मिळालं काय विचारतो आणि नसेल तर ह्या खेपेला गेटापर्यंत बरोबरच जातो.